दीड विळ्याचा वाटा

सोयाबीनची पानं गळाली की आमच्या गावाचा आवाज बदलतो. हिरवं असेपर्यंत हे पीक मुकं असतं. पिवळं पडून नुसत्या शेंगा राहिल्या, की जरा वारा सुटायचा अवकाश, वावरभर खुळखुळ ऐकू येते, सुपात हरभरे हलवावेत तशी. ती ऐकली की शेतकरी आभाळाकडं बघायला लागतो. आता कडक ऊन पडलं तर शेंगा तडकतील, दाणा मातीत जाईल. आणि आम्ही सोंगणीच्या, म्हणजे कापणीच्या, बाया तीच खुळखुळ ऐकून विळे घासायला बसायचो. एकाच आवाजानं एकाला घाम फुटावा आणि दुसऱ्याच्या घरात चूल नीट पेटावी, असा हा महिना.

मी आता सोंगत नाही. तरी दसरा मागं पडला की पहाटे बोटं आपोआप मिटतात, झाडाचं बुड मुठीत धरल्यासारखी. सोयाबीनच्या शेंगेला टोक असतं, सुईसारखं. आम्ही घरातल्या माणसांचे जुने पायमोजे बोटांकडून कापून हातात घालायचो, साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट. तरी संध्याकाळी अंगावर पाणी घेतलं की मनगटापासून कोपरापर्यंत अशी आग व्हायची, की पहिल्या तांब्याला तोंडातून देवाचं नाव निघायचं आणि दुसऱ्याला शिवी.

यंदा दसऱ्याला माझी नात प्राची पुण्याहून आली. तिची कंपनी अमेरिकेतल्या कुठल्याशा दुकानांचे हिशेब इथून बघते, म्हणून तिची रात्र दिवस आणि दिवस रात्र. ऑफिसातल्या पोरापोरींना तिकडच्या फुटबॉलचा नाद लागलाय. सकाळी मी ओसरीवर लसूण सोलत होते, ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ टेकली.

"आजी, बघ. याला फुटबॉल म्हणतात, पण खेळतात हातानं."

बघितलं. डोक्यावर टोप, खांद्यावर उशा बांधलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर नांगर धरल्यासारखी वाकलेली. मागं एक जण उभा. चेंडू त्याच्या हातात आला की तो इकडंतिकडं बघतो आणि लांब फेकतो. फेकला की सगळं मैदान उठून उभं.

"हा कोण वं? गावचा पाटील?"

"क्वार्टरबॅक. सगळ्यात महागडा गडी हाच असतो."

"क्वार्टर? आपल्याकडं क्वार्टर मागितलेला माणूस उभा राहत नाही बाई."

हसून हसून लसणाचं सूप सांडलं तिनं. मग पाकळ्या वेचता वेचता तिनं सांगितलं ते ऐकून मी सुरी खाली ठेवली. तिकडं म्हणे प्रत्येक संघाला एक आकडा बांधून दिलेला असतो. सगळ्या खेळाडूंवर मिळून वर्षाला एवढंच खर्चायचं, त्याच्या वर नाही. श्रीमंत संघानं सगळे चांगले गडी पळवू नयेत, लहान शहरालाही कधी जिंकता यावं, म्हणून. आणि हा फेकणारा त्या बांधलेल्या आकड्यातून मोठा वाटा एकटाच उचलतो. मग बाकीच्यांना उरलेल्यात भागवावं लागतं. त्यावरून प्राचीच्या ऑफिसात रोज भांडणं. एक म्हणतो, त्याच्यामुळं जिंकतात, त्याला द्या. दुसरा म्हणतो, पुढची माणसं अंगावर घेतात म्हणून त्याला फेकता येतं.

"तुला काय वाटतं आजी?"

मला काय वाटणार! मला रेखा दिसायला लागली.

प्राची तेव्हा शाळेतही जात नव्हती. मी आमच्या टोळीची मुकादम होते. मुकादम म्हणजे काही मोठं नाही. शेतकऱ्याशी बोलायचं, गुत्ता घ्यायचा, शेवटी वाटे करायचे. आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या. गुत्ता म्हणजे एकराचा ठरलेला एकच पैसा. तुम्ही एका दिवसात सोंगा की तीन दिवसांत, पैसा तेवढाच. तो आम्ही विळ्यावर वाटून घ्यायचो. एक विळा, एक वाटा. जिचं लेकरू धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, झोळीत रडतंय तिचाही पूर्ण आणि जी वाऱ्यासारखी कापते तिचाही पूर्ण.

तो एकराचा पैसा आमच्या हातात नव्हता. दसऱ्यानंतर गावातले शेतकरी मारुतीच्या पारावर बसायचे आणि गावाचा भाव ठरवायचे. मग दवंडी. यंदा सोंगणी एकरी इतकीच, कुणी वाढवून द्यायची नाही. जो देईल त्यानं दंड म्हणून देवळात भंडाऱ्याच्या जेवणासाठी पायलीभर गहू ठेवायचा. का, तर मोठ्या वावरवाल्यांनी चढा भाव देऊन सगळ्या टोळ्या ओढल्या, तर दोन एकरवाल्याचं सोयाबीन उभंच वाळायचं. कारण खोटं नव्हतं. आमचं स्वतःचंही एकरभर होतं, आणि पारावर त्या भावाला माझ्या नवऱ्यानं मान डोलवली होती. मीही घरात म्हटलं होतं, बरं झालं.

रेखा आमच्या टोळीत आली ती लग्न होऊन. बारीक चण, लांब हात. आमच्या विळ्यांचा आवाज कचकच यायचा, तिचा यायचा एकच लांब सर्र. तिला कडेची पात द्यायची. पात म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याच्या ओळी. ती पुढं सरकली की शेजारणीला लाज वाटायची, तिच्या शेजारणीला तिची, अशी सगळी रांग ओढली जायची. चार बैलांच्या नांगराला पुढचा बैल असतो ना, तसं.

आणि तिच्या मागं कौशल्यामाय. वयानं सगळ्यांत मोठी, कमरेत वाकलेली. तिच्यानं पात होत नसे. रेखानं कापून टाकलेलं ती मुठीमुठीनं गोळा करायची, ढीग रचायची, वरून पायानं दाबून टाकायची. मागं वळून रेखानं तिला कधी बघितलं असेल असं मला वाटत नाही. बघायची गरजच पडत नव्हती.

त्या वर्षी एका दुपारी धुऱ्यावरच्या बाभळीखाली आम्ही भाकरी सोडल्या. आंबाडीची भाजी, कुणाचा ठेचा, कुणाचं बेसन. रेखानं घास तोंडात न घालता हातातच धरला.

"काकू, एक बोलू का?"

"बोल ना. आज काऊन परवानगी मागून राह्यली?"

"मले दीड वाटा पायजे."

लता म्हणून एक होती आमच्यात, जिभेला हाड नसलेली. ती म्हणाली, "दीड काऊन वं? तिसरा हात फुटला का तुले?"

"हात दोनच हायेत. पण तुही एक पात होते तवा माही दीड झालेली रायते. दिसत नाही का तुले?"

"दिसते ना माय. सकायपासून तुही पाठच दिसून राह्यली मले, दुसरं काय दिसते!"

सगळ्या हसल्या. रेखा हसली नाही. मी म्हटलं, "रेखा, दीड देऊ कोठून? गावाचा भाव बांधेल आहे. तुले अर्धा जास्त दिला, त तो ह्याईच्या ताटातून काढा लागते."

"ते तुमी पाहा. रोहिणखेडकडचा एक मुकादम दीड देऊन राह्यला. तिकडं गावाचा भाव नाही. सोमवारी सकायी फाट्यावर गाडी येणार आहे."

"मंग जा ना!" लता म्हणाली.

"जाईन. पण आंदी इथं विचारलं." मग माझ्याकडं वळून हळू बोलली, "काकू, हे मनगट किती वर्स चालन असं? चार? पाच? मंग मले बी वाकूनच चालायचं आहे. तवा कोण देईन मले जास्तीचं?"

कौशल्यामाय समोरच बसली होती. ती भाकरी कालवत राहिली.

दुसऱ्या दिवशी एक येडेपणा झाला, आणि तो मी होऊ दिला. लता म्हणाली, दीड कापते तर घेऊ द्या एकटीला पात, कळेल किती कापते. रेखालाही तेच हवं होतं. मी तिला वावराच्या पार पलीकडच्या कडेला एकटं सोडलं आणि कौशल्यामायला आमच्याकडं ठेवलं. वाटलं, एकदा मोजून होऊ दे.

काय मोजलं? दुपारपर्यंत रेखा एवढी पुढं गेली की तिच्या डोक्याचा रुमाल तेवढा दिसत होता. मग ऊन चढलं आणि वावटळ उठली. तिच्या मागं ढीग रचलेले नव्हते, दाबलेले नव्हते. कापलेलं सोयाबीन उचलून गरगर फिरवत वाऱ्यानं शेजारच्या तुरीत नेऊन टाकलं. उरलेला दिवस ती ते वेचत फिरली, शेंगा तडकून हातातच फुटत होत्या. आणि आमचं काय? पुढं ओढणारा बैलच नाही. आम्ही गप्पा मारत, पाठी सरळ करत, पाणी पीत कापलं. वावरवाला संध्याकाळी आला, उभ्या पिकाकडं बघितलं आणि म्हणाला, "कामून हो सुमनबाई, आज लग्नाले गेलत्या का सगळ्या?"

परतताना आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसलो. रेखाच्या हाताला मोजे फाडून ओरखडे आले होते. आणि मग कौशल्यामाय, जिनं दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं, म्हणाली, "मी बी रेखाच होती."

"काय माय?" रेखानं विचारलं.

"ज्वारीच्या काढणीले माह्यासंगं चालणारी बाई नोती या गावात. तुह्या सासूले इचार. मी कधी इचारलं नाही दीड वाटा. आपल्याले असं इचारता येते हेच मालूम नोतं." ट्रॉलीच्या कठड्याला धरून तिनं रेखाकडं बघितलं. "मले भेटला नाही म्हणून हिले भेटू नोय, असं म्हणू का मी? द्या तिले दीड. माह्यातून घ्या लागते त घ्या."

"तुह्यातून नाही घेनार!" रेखा एकदम ओरडली. रडत होती की धुळीनं डोळे पाणावले होते, कळलं नाही. "मायच्या वाट्याले हात लावला त मी सोमवारपर्यंत बी थांबत नाही."

घ्या आता. एकीला दीड हवा, तिच्या मागणीला दुसरीचा पाठिंबा, आणि कुणाच्याच ताटातून काढायचं नाही. मी घरी येऊन चुलीपुढं बसले. भाकरी करपली, नवऱ्यानं तशीच खाल्ली. आम्ही दोन दिवस एकमेकींच्या ताटात डोकावत होतो. पातेलं केवढं असावं हे पारावर बसून ठरवणारे मात्र आम्हा सोंगणाऱ्या बायांपैकी नव्हतेच, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लोकांना समोरच्याचं ताट लवकर दिसतं. त्यात जळायलाही सोपं असतं.

म्हणून यंदा ओसरीवर मी प्राचीला मध्येच विचारलं, "काय वं, तो तिकडचा आकडा बांधतं कोण?"

"मालक लोक आणि खेळाडूंची संघटना. समोरासमोर बसून."

"खेळाडू पण बसतात?"

"हो मग! त्यांच्याशिवाय कसं ठरणार?"

"आणि मालकांनी किती कमवायचं, त्याला आकडा आहे का?"

"नाही आजी. तसा काही ऐकला नाही."

बघा. एवढ्या लांब, एवढ्या उशा बांधून खेळणारी माणसं. पण पारावर बसतात तरी.

तर तेव्हा, ट्रॉलीतल्या त्या बोलण्याच्या दुसऱ्या संध्याकाळी मी पारापाशी गेले. बाया पारावर चढत नाहीत आमच्याकडं. खाली उभं राहून, पदर सावरून बोलायचं. नामदेवभाऊ मध्ये बसले होते, गावात सर्वांत जास्त वावर त्यांचं, शिवाय माणूस गोड. मी म्हटलं, भाऊ, भावात थोडी वाढ करा. कुणाचा वाटा न कापता एका बाईचा अर्धा निघेल, एवढीच.

"भाव सगळ्याईसाठी आहे सुमनबाई," ते म्हणाले. "तुमच्यासाठी वाढवला त गरीब शेतकऱ्यानं काय करा?"

"गरीब शेतकरी मीच हाओ ना भाऊ. एकर आहे मले."

"मंग तुमाले त समजाले पायजे."

"समजलं म्हणूनच आली. उद्या माह्या वावरात सोंगणी आहे, वाढलेल्या भावानं."

पारावर हशा पिकला. कुणी म्हणालं, स्वतःच्याच घरातून स्वतःच जास्त घेणार, वा रे हिशेब! नामदेवभाऊ हसले नाहीत. "मंग दंड लागते. पायलीभर गहू."

"आणते."

घरी नवरा म्हणाला, असं येड त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. भाव वाढवणारे आपण, भरणारे आपण, वरून दंड आपलाच. आमचं एकर ते केवढं, त्या वर्षीच्या गव्हावर आमचं वर्ष निघायचं होतं. मी म्हटलं, हो, येडच आहे. आणि पायली मोजायला बसले. सकाळी पोतडी डोक्यावर घ्यायला वाकले, तर त्यानंच मागून उचलून दिली. वर म्हणाला, "नीट जा. सांडन."

आमच्या एकरात रेखानं कडेची पात धरली. मागं कौशल्यामाय. काय सांगू तुम्हाला! सर्र आणि मागून पायानं दाबल्याचा धप, सर्र आणि धप. दुपार टळायच्या आत वावर मोकळं. मी वाटे केले, रेखाच्या हातात दीड ठेवला. तिनं मोजला, पोलक्यात खोचला. कुणाला त्यातलं काही देऊ केलं नाही. आणि का द्यावं? तिच्या मनगटाचा होता.

त्या रात्री पश्चिमेकडं ढग आले. पडला नाही तो पाऊस, नुसता लोंबकळत राहिला. पण कापलेलं-न कापलेलं सोयाबीन वावरात असताना तसला ढग पावसापेक्षा वाईट. सकाळी दोन एकरवाला महादू दारात आला, हळू आवाजात म्हणाला, "काकू, तुमच्या भावानं येता का? गहू देवळात ठेवूनच आलो." त्याच्यामागं त्याचा चुलतभाऊ. मग आणखी कुणी. रविवारी नामदेवभाऊंचा सालदार गडी बोलवायला आला, वाढलेल्या भावानंच. तो पायलीचं काही बोलला नाही. पण पुजारी पुढं सांगत होता की त्या वर्षी भंडाऱ्याला पुऱ्या उरल्या आणि देवळाच्या उंदरांना बाळसं आलं.

सोमवारी सकाळी आम्ही वावरात उतरलो. दहिवर होतं, शेंगा नरम होत्या, अशा वेळी विळा पाण्यासारखा चालतो. फाट्याकडून गाडीचा हॉर्न आला. एकदा. मग बराच वेळ वाजत राहिला. सगळ्या खाली बघून उभ्या.

"ऐकू आला का वं?" मी रेखाला विचारलं.

"आला."

"मंग?"

"मंग काय? पात धरा, ऊन चढते." रेखा वाकली.

असं सगळं गोड झालं असं समजू नका. लता पुढच्या दोन सोंगण्या रेखाशी सरळ बोलली नाही. एकीला दीड, मग मला सव्वा का नाही, हे तिचं म्हणणं मला आजही पुरतं खोडता येत नाही. कौशल्यामायचा वाटा पूर्ण राहिला, पण ढीग रचणारीचं खरं मोल काय, हे आम्ही कधी ठरवलंच नाही. ती गेली, तेही तसंच राहून गेलं. आणि भाव? तो वाढला, टिकला. पण पुढच्या दसऱ्याला पारावर तेच बसले आणि आम्ही ठरलेला ऐकला. मी एकदा पातेलं मोठं करून घेतलं आणि त्यातच खूश झाले.

आता दवंडी नाही, मोबाइलवर गावाच्या ग्रुपात निरोप येतो. पंजाबकडची सोंगणीची मशिनं रात्रभर रस्त्यानं घरघरत जातात. तरी लहान, उताराच्या वावरांत मशीन जात नाही, तिथं बाईच लागते. टोळी आता रेखाची आहे. तिचं मनगट गेलं, तिनं म्हटलं होतं त्याच्याही आधी. तिच्या टोळीत एक पोरगी आहे, हिच्याहून तेज. तिला रेखा दीड देते, मागायच्या आधी.

प्राचीनं फुटबॉल दाखवला त्याच दिवशी दुपारी रेखा आली. निरोप आला होता : भाव मागच्या वर्षीचाच, काही शंका असल्यास संध्याकाळी पारावर.

"काकू, मी जाऊन राह्यली बोलाले. येता का? खाली उभं राहून तुमीच बोलल्या होत्या त्या टायमाले."

"खाली उभं राहाले नाही येत," मी म्हटलं. "चाल."

प्राचीही आली, हातात मोबाइल, आणि रेखाच्या टोळीतली ती तेज पोरगी. पारावर माणसं बसली होती, नामदेवभाऊंचा मुलगा मध्ये. आम्हाला बघून तो उठला, चांगला पोरगा आहे, म्हणाला, "या काकू. तुमच्यासाठी खाली सतरंजी टाकतो."

"नको रे बापू. तू सरक जरासा."

पाराच्या दगडाला हात लावला. उन्हानं अजून तापलेला होता. प्राचीनं मला वर घेतलं, मी रेखाला हात दिला, रेखानं त्या पोरीला. दोघा-तिघांचे पाय मांडीखाली गेले, कुणीतरी खाकरलं. आम्ही नीट बसलो, पदर सारखे केले. मग रेखा म्हणाली, "हं, सांगा. काय भाव ठेवायचा म्हणता?"